उघडणारी शिलाई

सीटमास्तरांनी शिवलेली वस्तू फाटल्याचं आजवर कोणी पाहिलेलं नाही. माणसं वस्तूला कंटाळतात, दुसऱ्याला देऊन टाकतात, तो दुसराही कंटाळतो, पण वस्तू आपली ठणठणीत असते. नात दोन वर्षांची असताना तिला शिवलेला पिवळा फ्रॉक पुढे शेजारच्या मुलीने घातला, मग तिच्या धाकट्या बहिणीने, मग त्या बहिणीच्या कुठल्याशा मावसबहिणीने. आता तो नेमका कुठे आहे हे कोणालाच ठाऊक नाही. पण कुठेतरी एखादी पोरगी तो घालून घसरगुंडीवरून घसरत असणार आणि फ्रॉकचं काही बिघडत नसणार, याबद्दल घरात दुमत नाही.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. त्यांची सगळी नोकरी बसडेपोत सीटा शिवण्यात गेली. वर्कशॉपच्या मागे पत्र्याची लांबट शेड होती. तिथे सीटा उलट्यापालट्या पडलेल्या असायच्या, कुणाचा फोम बाहेर आलेला, कुणाच्या रेक्झिनवर ब्लेडने बदाम कोरलेला. मास्तर त्या सोलायचे, नवं रेक्झिन बेतायचे आणि जाड दोऱ्याने दुहेरी टीप मारून अशा बंद करायचे की पुन्हा कुणाच्या बापाला उघडता येऊ नयेत. ड्रायव्हर लोक त्यांना सीटमास्तर म्हणू लागले. ते नाव एक दिवस त्यांच्याबरोबर घरी आलं आणि घरातच राहिलं.

"उघडायला जागा ठेवली की उघडणारा भेटतोच," हे त्यांचं आवडतं वाक्य. प्रवासी या जातीचा त्यांना भयंकर राग. माणूस मुळात वाईट नसतो, असं ते म्हणत, पण त्याला खिडकीजवळ बसवा आणि हाताला काम देऊ नका, की त्याची बोटं सीटवर फिरायला लागलीच. एखादा सुटा दोरा सापडला की तो ओढत बसतो आणि त्याचं ठिकाण येईपर्यंत अर्धी शिवण उसवून मोकळा होतो. म्हणून मास्तर दोऱ्याचं टोक आत, शिवणीच्या पोटात गाठ मारून दडवत. बस भंगारात जाते पण मास्तरांची सीट निघत नाही, अशी डेपोत त्यांची ख्याती होती.

निरोपाच्या दिवशी डेपोने त्यांना घड्याळ दिलं. ते त्यांनी भिंतीवर लावलं आणि विसरले. त्यांचा जीव अडकला होता तो शेडमधल्या जुन्या मशीनमध्ये. नवं येणार म्हणून ते भंगारात काढलं होतं. मास्तरांनी साहेबांच्या मागे लकडा लावून ते मिळवलं, टेम्पोत घालून घरी आणलं आणि बाल्कनीलगतच्या खोलीत बसवलं. ते चालू झालं की मांडणीतले कप एकमेकांवर आपटायचे. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ तक्रार घेऊन वर आले आणि मास्तरांनी शिवलेली बाजाराची पिशवी घेऊन खाली गेले. पिशवी अशी की तिच्यात सिमेंटची गोणी घातली असती तरी बंद हलले नसते. ते पुन्हा तक्रारीला आले नाहीत.

मग काय, घरातलं काही उघडं म्हणून राहिलं नाही. पडदे झाले, उशांचे अभ्रे झाले, मिक्सरला झगा झाला, रिमोटला म्यान झालं. मुलाला ऑफिसची बॅग शिवून दिली. तिला इतके कप्पे होते की त्याचं ओळखपत्र तिच्यात हरवलं, त्याने नवीन काढून घेतलं, आणि मग जुनं तिच्यातच सापडलं. मांजरासाठी गादी केली, खऱ्या बसच्या फोमची, कडेने पायपिंग लावलेली. मांजर त्या गादीकडे ढुंकूनही बघायचं नाही. ते बुटांच्या खोक्यात जाऊन झोपायचं. "त्याला सवय नाही, बसेल हळूहळू," असं मास्तर म्हणत राहिले. मांजरानेही आपलं म्हणणं सोडलं नाही.

खालच्या गृहस्थांच्या कुत्र्याचा कोट तर इमारतीत अजून गाजतो. थंडी सुरू झाली होती, कुत्रा म्हातारा, तेव्हा मास्तरांनी आपणहून माप घेतलं. कोट सुरेख झाला. फक्त तो काढायचा कसा, हा विचार मास्तरांच्या मनाला शिवला नव्हता. कुत्र्याने पुढचे पाय आत घातल्यावर पोटाखालची शिवण त्यांनी तिथल्या तिथे हाताने बंद केली, गाठ आत दडवली आणि मागे सरून समाधानाने पाहिलं. आंघोळीच्या दिवशी कुत्र्याला धरायला तीन माणसं लागली आणि एक पत्रा कापायची कात्री. मास्तरांना याचं काहीच वाटलं नाही. "फाटला का कोट? नाही ना," ते म्हणाले. "कापावा लागला."

हे सगळं प्रेमापोटी चाललंय हे घरात प्रत्येकाला कळत होतं. मास्तरांना गोड बोलता येत नसे. कोणी परीक्षेत नापास झालं, कोणाला बढती मिळाली, कोणाचं लग्न मोडलं, तरी ते एकच करत, टेप घेऊन माप घ्यायला येत. म्हणून सगळे त्यांनी शिवलेलं घालत, वापरत, मिरवत. अपवाद एकच, त्यांची बायको.

बायको म्हणजे सिस्टर. मोठ्या सरकारी दवाखान्यात जन्मभर नर्स होत्या, पुरुषांच्या वॉर्डात. गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची, दुकानदार सिस्टर म्हणायचे, मुलगासुद्धा रुसला की आईला सिस्टर म्हणायचा. सडसडीत अंग, चालणं झपझप आणि बोलणं एक घाव दोन तुकडे. मास्तर टेप घेऊन जवळ आले की त्या हात वर करून त्यांना थांबवत. "अहो, मी काही सीट नाही," त्या म्हणत. मास्तर टेप गळ्यात टाकून परत फिरत. संसारात एक तरी माणूस नाही म्हणणारं असावं लागतं, नाहीतर मास्तरांनी घराच्या दारालाही कोट शिवला असता.

अशा त्या सिस्टर एका दुपारी बाल्कनीत कपडे वाळत घालत होत्या. उजवा हात दोरीकडे वर गेला, आणि खाली आला तो त्यांचा राहिला नव्हता. त्या तिथेच भिंतीला टेकून खाली बसल्या आणि सुनेला हाक मारून म्हणाल्या, "घाबरू नकोस. मला झटका आलाय. गाडी बोलव, आणि यांना आधी शर्ट बदलायला सांग." जीभ अडखळत होती, पण हुकूम नेहमीसारखाच सुटला होता.

वेळेवर नेलं म्हणून निभावलं. बोलणं पूर्ववत झालं. पाय काठी घेऊन का होईना, चालू लागला. उजवा हात मात्र हट्टाला पेटला. तो नुसता अंगाला लटकलेला असायचा. डॉक्टरांनी व्यायाम सांगितले, वेळ लागेल म्हणाले, येईलच असं म्हणाले नाहीत. सिस्टरांनी त्यांना जास्त विचारलं नाही. न बोललेलं ऐकायची त्यांना सवय होती.

घरी आल्यावर रोजचा प्रश्न उभा राहिला तो कपड्यांचा. सिस्टरांचे सगळे गाऊन डोक्यावरून घालायचे. एका हाताने ते होईना. प्रयत्न केला की मान आत, हात बाहेर, कापड मध्येच अडकलेलं आणि सिस्टर आत कोंडलेल्या, असं व्हायचं. सून गुणाची. सकाळी शाळेत शिकवायला जायची घाई असायची तिला, तरी ती आधी सासूच्या खोलीत जायची. "चला आई, हात वर करा हं. असं. शाब्बास."

एका सकाळी सिस्टर तिला म्हणाल्या, "असं बोलू नकोस."

"कसं, आई?"

"हे हं आणि शाब्बास. मी हा आवाज ओळखते. वॉर्डात मीच काढायचे तो."

सून ओशाळली. तिचा काही दोष नव्हता आणि सिस्टरांनाही ते माहीत होतं. त्या दिवशी मास्तर औषध द्यायला आले तेव्हा त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या, "किती माणसांना मी कपडे घातले असतील, अहो. म्हातारे, तरुण, कुणीकुणी. त्यांना कसं वाटतंय हे मला एकानेही सांगितलं नाही. मला वाटायचं, त्यांना बरं वाटतंय." मास्तरांनी पाण्याचा पेला पुढे केला.

त्यानंतर सिस्टरांनी आपल्या पद्धतीने तोड काढली. कपडे बदललेच नाहीत तर कोणाला यायला नको. एक तपकिरी गाऊन अंगावर चढला तो उतरायचं नाव घेईना. आंघोळ आज नको, उद्या बघू. कोणी भेटायला आलं की झोप लागली आहे म्हणून सांगा. जेवणाचं ताट खोलीत. संध्याकाळी खाली बाकावर बसायला मैत्रिणी बोलवायच्या, त्यांना निरोप जायचा की पाय दुखतोय. पाय दुखत नव्हता. मुलगा म्हणाला, "आई, आपण एक बाई ठेवू या का, फक्त कपड्यांसाठी?" सिस्टर म्हणाल्या, "ठेव. आणि तिला दुसरी खोली बघून दे, कारण या खोलीत ती टिकायची नाही." हे मात्र त्या जुन्या आवाजात म्हणाल्या, म्हणून सगळ्यांना जरा बरं वाटलं. पण ते तेवढंच. पुढे पुढे तो आवाजही ऐकू येईनासा झाला.

मास्तरांचं मशीन बंद होतं. बाल्कनीलगतच्या खोलीत ते नुसते बसून असत. त्यांना एक गोष्ट लख्ख दिसत होती. हात येवो न येवो, स्वतःचे कपडे स्वतःच्या हाताने घालता आले नाहीत तर ही बाई या खोलीतून बाहेर यायची नाही. घर माणसांनी भरलेलं होतं आणि मास्तरांना ते खायला उठत होतं. दारात उभं राहून "बास करा ती खडखड" असं म्हणणारं कोणी नसेल तर मशीन चालवायचं तरी कशाला?

शेवटी त्यांनी मनाशी ठरवलं आणि कोणाला न सांगता कामाला लागले. ताकास तूर लागू दिली नाही. सुती कापड आणलं, निळं, बारीक ठिपक्यांचं. गाऊन पुढून गळ्यापासून पायापर्यंत उघडा बेतला, म्हणजे डोक्यावरून घालायची भानगड नको. बंद कशाने करायचा? मास्तरांच्या ट्रंकेत डेपोतली वेल्क्रोची पट्टी पडलेली होती. लांब पल्ल्याच्या गाड्यांमध्ये डोकं टेकायच्या जागी जे पांढरे अभ्रे असतात, ते तिने चिकटवायचे. एका हाताने दाबलं की बंद, ओढलं की उघडं. मास्तरांना वाटलं, आपल्याला हे आधी कसं सुचलं नाही. त्यांनी वरपासून खालपर्यंत पट्टी लावली, कुठे सुटायला नको म्हणून तिहेरी टीप मारली.

गाऊन घेऊन ते खोलीत गेले. मुलगा, सून दारात उभे राहिले. सिस्टरांनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि कधी नव्हे ते नाही म्हणाल्या नाहीत. सगळ्यांना बाहेर घालवून, सुनेच्या मदतीने एकदाच शेवटचं म्हणून त्यांनी तो घातला. मग सुनेलाही बाहेर पाठवलं आणि तो आपल्या हाताने काढायला घेतला. डाव्या हाताने पट्टी ओढली. पट्टी हलली नाही, सिस्टरच पुढे ओढल्या गेल्या. घाटातल्या वळणावळणांतही अभ्रा निघू नये, अशा बेताने बनवलेली ती पट्टी. त्यांनी पलंगाच्या दांड्याला गुडघा लावला आणि जोर करून पुन्हा ओढली. चर्रर्र असा आवाज झाला की मांजर कपाटाखाली पळालं आणि पलीकडच्या खोलीत नात खुदकन हसली.

नातीचं हसणं साधं होतं. पण ते सिस्टरांना लागलं. मास्तर आत आले तेव्हा त्या अर्ध्या उघड्या गाऊनवर चादर ओढून बसल्या होत्या. "म्हणजे मी कपडे काढले की सगळ्या इमारतीला कळणार," त्या म्हणाल्या. मग भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या आणि तिकडे बघूनच म्हणाल्या, "राहू द्या. तुम्हाला उघडणारं शिवता येत नाही. तुमचाही काही इलाज नाही."

मास्तरांच्या जिव्हारी लागलं ते. रागाने बोललेलं ते रात्रीत विसरले असते, पण हे त्यांना समजून घेऊन म्हटलेलं होतं. दुसऱ्या दिवशी सिस्टर आपल्या खोलीत आणि बाकीचे सगळे बाहेर गेलेले असताना त्यांनी आपला उजवा हात कमरेच्या पट्ट्यात घालून करकचून बांधला. आता काय होतं ते आपणच बघू. एका हाताने चहा झाला, थोडा सांडला. पेस्टचं टोपण निघालं नाही, ते दाताने काढलं. मग त्यांनी सिस्टरांचा धुऊन ठेवलेला एक जुना गाऊन घेतला आणि घालायला सुरुवात केली. डोकं आत गेलं. डावा हात बाहीत गेला. पुढे काही जाईना आणि मागेही येईना. मास्तर गोल गोल फिरले, दाराच्या कडीला कापड अडकवून बघितलं, शेवटी मशीनच्या स्टुलावर तसेच बसले, डोक्यावर फुलाफुलांचा गाऊन घेऊन.

नेमकी त्या दिवशी सून शाळेतून लवकर आली. तिने खोलीचं दार उघडलं आणि लगेच परत ओढून घेतलं. मग बाहेरूनच म्हणाली, "बाबा, मी आत येऊ की तुम्हाला वेळ लागेल?"

"ये," आतून आवाज आला. "मला निघत नाहीये."

सुनेने त्यांना सोडवलं. हसली नाही, निदान तोंडावर तरी नाही. पट्टा मोकळा करताना म्हणाली, "बाबा, आईंना विचारलंत का?"

"काय विचारायचं?"

"कसं शिवू ते."

खरं सांगायचं तर हे मास्तरांच्या डोक्यातच आलं नव्हतं. माप घ्यायचं, शिवायचं, द्यायचं. सीट काही बोलत नाही, मांजर ऐकत नाही, आणि घरातली माणसं त्यांचं मन मोडू नये म्हणून मूग गिळून गप्प बसतात. निवृत्तीनंतर मिक्सरला झगा शिवणाऱ्या माणसाला कोणी काय सांगावं? तेवढ्या एका बाईने आयुष्यभर तोंडावर सांगितलं होतं, आणि ते त्यांनी थट्टेवारी नेलं होतं.

त्याच दुपारी ते टेप आणि खडू घेऊन सिस्टरांच्या पलंगाच्या पायथ्याशी बसले. आधी पट्ट्याची आणि गाऊनची हकीगत सांगितली, काही न लपवता. "फुलांचा?" सिस्टरांनी विचारलं. "फुलांचा," मास्तर म्हणाले. सिस्टरांचे ओठ हलले, मग खांदा हलला, आणि मग त्या अशा हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. डावा हात पोटावर दाबून हसल्या. मास्तरांना लाज वाटायला हवी होती. त्यांना वाटलं, आणखी दहा वेळा अडकावं.

"आता तूच सांग," ते म्हणाले. "कसं शिवू?"

सिस्टर उठून बसल्या. डोळे पुसले. आणि मग वॉर्डातल्या नव्या पोरीला शिकवावं तसं त्यांनी नवऱ्याला शिकवलं. लुळा हात आधी घालायचा, काढताना तोच शेवटी. म्हणजे उजव्या बाहीचा मुंढा दुप्पट रुंद हवा, हात ओढून न्यावा लागता कामा नये, सरकत गेला पाहिजे. कापड मऊ, पण गुळगुळीत नको, नाहीतर मांडीवरून घसरतं. बटणं मोठी, चपटी. काजं आडवी आणि ढिली. "आणि हे बघा," असं म्हणून त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर ठेवला. "याच्यात बळ नाही, पण वजन आहे. बटण लावताना कापड धरायला कोणीतरी लागतं. खालच्या कडेला एक फास लावा, अंगठ्यात अडकवता येईल असा. हा नुसता पडून राहील आणि कापड ताणून धरील. तेवढं काम त्याला जमेल."

"हे तुला ठाऊक होतं तर आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही माप घ्यायला आला होता," सिस्टर म्हणाल्या. "विचारायला आज आलात."

पुढचे दिवस मास्तरांचे फार हाल झाले. त्यांच्या धिप्पाड मशीनखाली ते मऊ कापड गोळा व्हायचं, म्हणून सगळं हाताने शिवावं लागलं. मुंढा जमला, फास जमला. अडलं ते बटणांवर. बटण ढिलं हवं, कापडापासून जरा वर उचललेलं, म्हणजे बोटाने लोटलं की काजात शिरतं. आणि मास्तरांच्या हाताला ढिलं माहीत नाही. ते ठरवून सैल टाका घ्यायचे आणि शेवटच्या क्षणी बोटं आपोआप दोरा आवळायची. सिस्टर पलंगावर बसून तपासायच्या. "घट्ट. पुन्हा." मग त्या डाव्या हाताच्या नखाने टाका उचलून स्वतःच उसवायच्या, दोरा ओढत ओढत, आणि मास्तर ते बघत बसायचे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं चाललं होतं. शेवटी सिस्टरांनीच युक्ती सांगितली. बटण आणि कापड यांच्यामध्ये काडेपेटीची काडी ठेवायची, तिच्यावरून टाके घ्यायचे, आणि मग काडी काढून घ्यायची. काडीएवढी जागा आपोआप सुटते. ती जागा सुटलेली पाहून मास्तरांना कसंसंच झालं. चुकल्यासारखं वाटलं त्यांना. पण सिस्टर म्हणाल्या, "हं, आता बरोबर."

नमुना एकदा बसल्यावर मास्तरांनी एकाऐवजी तीन गाऊन शिवले. एक निळा, वेल्क्रो उसवून पुन्हा केलेला, एक हिरव्या चौकड्यांचा, एक लिंबाच्या रंगाचा. हात चालू झाला की त्यांना थांबवणं कठीण.

सुट्टीच्या दिवशी सकाळी सिस्टरांनी निळा गाऊन मागून घेतला, सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं आणि दार लावून घेतलं. आजारपणापासून ते दार दिवसा कधी लागलं नव्हतं. बाहेर बैठकीत सगळे बसले. मुलाने वर्तमानपत्र उघडलं, वाचत कोणीच नव्हतं. आतून कापडाची सळसळ ऐकू यायची, मग थांबायची. बराच वेळ झाला. मग काठी पडल्याचा आवाज आला आणि मास्तर ताडकन उठले. सुनेने त्यांच्या शर्टाची बाही धरली. "बसा, बाबा," ती म्हणाली. "बोलावलं नाही त्यांनी." मास्तर बसले. नोकरीत एवढ्या सीटा शिवल्या, एकीसाठीही असं दाराबाहेर बसावं लागलं नव्हतं.

कडी निघाली. सिस्टर दारात उभ्या होत्या. निळा गाऊन अंगावर नीट बसला होता, केस कपाळावर आलेले, चेहरा घामाने भिजलेला, जिना चढून आल्यासारखा. मधलं एक बटण चुकून खालच्या काजात गेलं होतं, त्यामुळे गळ्याची एक बाजू वर चढली होती. मास्तरांच्या नजरेतून वाकडी शिवण कधी सुटली नव्हती, हे कसं सुटेल? त्यांचा हात आपसूक पुढे झाला. अर्ध्यावर तो त्यांनी आवरला आणि खिशात घातला. सिस्टरांनी ते पाहिलं. खाली मान घालून स्वतःच्या गळ्याकडे पाहिलं, वाकडेपणा त्यांच्याही लक्षात आला. त्यांनी तो तसाच राहू दिला आणि काठी टेकत जाऊन आपल्या नेहमीच्या खुर्चीवर बसल्या. "चहा मिळेल का कोणाकडून," त्या म्हणाल्या. सून आत गेली आणि तिने चहाचं आधण ठेवलं.

जेवणं झाली. सिस्टर उठल्या, खोलीत गेल्या, दार लावलं. बाहेर आल्या त्या हिरव्या चौकड्यांच्या गाऊनमध्ये. मुलगा काही विचारणार होता, बायकोने त्याच्याकडे असं बघितलं की तो पाणी प्यायला निघून गेला. दुपारी त्या पुन्हा आत गेल्या आणि पुन्हा निळा घालून आल्या, या वेळी बटणं सरळ. उन्हं उतरल्यावर चौथ्यांदा दार लागलं. आतल्या पलंगावर कपड्यांचा ढीग पडला असणार, आणि उद्या तो धुवावा लागणार, पण घरात कोणी चकार शब्द काढला नाही.

लिंबाच्या रंगाचा गाऊन घालून त्या बाहेर आल्या तेव्हा बैठकीत एकटे मास्तर होते. त्यांनी वर पाहिलं.

"कुठे निघालीस?"

"कुठे नाही," सिस्टर म्हणाल्या. "मनात आलं, बदलला."